नाव न विकणारा उद्योजक : अकिओ मोरिता



1955 साल. महायुद्धातील पराभवाला दहा वर्षे झाली होती. टोकियोतील एका लहानशा कंपनीचा चौतीस वर्षांचा सहसंस्थापक आपला छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता. घड्याळांसाठी नावाजलेल्या बुलोव्हा कंपनीने एक लाख रेडिओंची मागणी देऊ केली. अट एकच, रेडिओवर नाव बुलोव्हाचे हवे! या मागणीची रक्कम त्याच्या कंपनीच्या भांडवलाच्या कित्येक पट होती. मागणी स्वीकारावी, असाच टोकियोतील सहकाऱ्यांचा आग्रह होता. त्याने मात्र नकार दिला. पन्नास वर्षांपूर्वी तुमचेही नाव कुणी जाणत नव्हते. आमची पन्नास वर्षे आज सुरू होत आहेत, असे त्याने बजावले. हा तरुण म्हणजे अकिओ मोरिता आणि ती कंपनी म्हणजे पुढे जगभर गाजलेली सोनी.

मोरितांचा जन्म 1921 मध्ये नागोयात, पिढ्यान्‌पिढ्या साके हे मद्य बनविणाऱ्या घराण्यात झाला. थोरल्या मुलाने घरचा व्यवसाय सांभाळायचा, ही रीत. ती बाजूला ठेवून 1946 मध्ये त्यांनी मासारू इबुका यांच्यासह कंपनी स्थापिली. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेचा. त्याचा परवाना रीतसर घेऊनच हे रेडिओ बनले. परक्याकडून विद्या घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही; आपली ओळख पुसून टाकणे मात्र मान्य नव्हते.

स्वाभिमान म्हणजे दारे बंद करणे नव्हे. अमेरिकन ग्राहक समजून घेण्यासाठी 1963 मध्ये मोरिता सहकुटुंब न्यूयॉर्कला राहावयास गेले. 1970 मध्ये सोनीच्या समभागांची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली. असा मान मिळविणारी ती पहिली जपानी कंपनी. 1972 मध्ये सॅन दिएगो येथे सोनीचे दूरचित्रवाणी संच अमेरिकन कामगारांच्या हातून तयार होऊ लागले.

या मार्गात ठेचाही लागल्या. 1989 मध्ये सोनीने कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली, तेव्हा अमेरिकेत संतापाची लाट उसळली. पुढे 1994 मध्ये या व्यवहारापायी सोनीला प्रचंड तोटा सोसावा लागला. त्याआधीच, 1993 मध्ये, पक्षाघाताने मोरितांना अंथरुणास खिळविले होते. 1999 मध्ये त्यांचे निधन झाले.

बुलोव्हाला दिलेला नकार हाच आपला सर्वोत्तम निर्णय, असे मोरिता मानीत. एक लाख रेडिओंचा नफा केव्हाच खर्चून गेला असता. राखलेले नाव मात्र टिकले.