स्नायू सैल करणारी गोळी आणि घरांतील मूल

मान आखडणें, कंबर धरणें, किंवा पक्षाघातानंतर हातापायांस ताठरपणा येणें, अशा व्याधींवर डॉक्टर बॅक्लोफेन, टिझॅनिडीन यांसारख्या गोळ्या लिहून देतात. त्यांची क्रिया मुख्यतः मज्जारज्जू व मेंदू यांवर होते. तेथून स्नायूंकडे जाणारी ताठण्याची आज्ञा त्या सौम्य करितात. रुग्णाला यामुळें आराम पडतो. परंतु बारा किलो वजनाच्या बालकानें तीच गोळी गिळली, तर साठ किलोच्या माणसाच्या मानानें तिचा भार त्याच्या शरीरावर पांचपट पडतो.

अशा वेळीं मूल रडत नाहीं, ओरडत नाहीं. तें पेंगूं लागतें. आईला वाटतें, खेळून दमलें असेल. वस्तुतः अंग लुळें पडत असतें, नाडी मंदावत असते, श्वास उथळ होत असतो. बॅक्लोफेन फार पोटांत गेल्यास झटके येतात, आणि बेशुद्धी इतकी गाढ होते कीं प्राण गेल्याचा भास व्हावा. तरीही धीर सोडूं नये. या औषधावर खास उतारा नाहीं. पण कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा आधार वेळेवर मिळाल्यास, औषध शरीराबाहेर पडेपर्यंत मूल तग धरतें व पूर्ण बरेंही होऊं शकतें.

म्हणून गोळी गिळल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मिठाचें पाणी पाजून किंवा घशांत बोट घालून ओकारी काढूं नये. पेंगणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेंत ती शिरते. मूल पेंगत असल्यास त्याला कुशीवर निजवावें. गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी. किती गोळ्या कमी आहेत, तें डॉक्टरांस सांगावें.

मुलांना सहज न उघडणाऱ्या झांकणांचा कायदा अमेरिकेनें १९७० सालीं केला. परंतु आजोबांच्या उशाशीं उघडी डबी असली, तर कोणत्याही देशाचा कायदा काय करणार? औषध उंच, कुलुपांत असावें. त्याला ‘खाऊ’ म्हणूं नये. खालीं पडलेली गोळी सांपडेपर्यंत शोधावी. एवढी दक्षता प्रत्येक घराच्या हातीं आहे.