पिशवी काढायची, पण कोणती?



मी रेल्वेच्या रूळ विभागातला डिप्लोमा इंजिनिअर. या विषयावर खरे तर डॉक्टरांनी बोलावे. पण गेल्या वर्षी आमच्या सौ.ना गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, आणि त्यांनीच मला इथे उभे केले. म्हणाल्या, "बायका कुजबुजतात, पुरुष ऐकत नाहीत. तुम्हीच बोला."

रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेचे अनेक मार्ग असतात. अगदी सूक्ष्म असेल तर शंकूच्या आकाराचा तुकडा काढूनही काही जणींचे भागते. मूल हवे असेल आणि गाठ लहान असेल, तर काही वेळा फक्त गर्भाशयमुख काढून गर्भाशय राखता येते.

बाकीच्यांची पिशवी काढतात. त्यातही साधी आणि मोठी. रुळाला तडा गेला की आपण दोन्ही बाजूंचा चांगला भागही कापतो ना, तशी ही मोठी. आजूबाजूचे ऊतक आणि योनीचा वरचा थोडा भागही जातो. पण तिथूनच लघवीच्या पिशवीच्या नसा जातात, त्यामुळे पुढे लघवीचा त्रास होऊ शकतो. २०२४ साली सातशे स्त्रियांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, फार खोल न गेलेल्या गाठी. तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण साध्या शस्त्रक्रियेनंतर २.५२ टक्के, मोठीनंतर २.१७. म्हणजे जवळजवळ सारखेच, आणि साधीत लघवीचे त्रास कमी. लसिका ग्रंथी मात्र दोन्हींत तपासल्या होत्या.

आता दुर्बीण. नवे यंत्र म्हणजे चांगलेच, हा आम्हा इंजिनिअरांचा स्वभाव. पण २०१८ च्या चाचणीत मोठी शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या ९६.५ टक्के स्त्रिया साडेचार वर्षांनी रोगमुक्त होत्या, दुर्बिणीने केलेल्या ८६ टक्के. तेव्हापासून मोठीसाठी पोट उघडण्यालाच पसंती आहे. टाके लहान की मोठे, हा प्रश्न इथे दुय्यम.

एक विनंती. अंगावरून जास्त जाते म्हणून थेट पिशवी काढायला निघू नका. आधी गर्भाशयमुख तपासून घ्या, शंका आली तर बायॉप्सी. कॅन्सर आहे हे नंतर कळले तर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा शेक घ्यावे लागू शकतात.

सौ.ची गाठ दीड सेंटिमीटरची होती. तिन्ही मार्ग ऐकून घेऊन त्यांनी साधी शस्त्रक्रिया आणि ग्रंथींची तपासणी निवडली. ग्रंथी स्वच्छ निघाल्या. पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे. भगिनींना काही विचारायचे असेल तर त्या प्रसादाच्या टेबलापाशी आहेत.