चेहऱ्याचे शून्य

श्रोतेहो, माणसाचा चेहरा वाचण्याची हौस फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नजरेचे ३६ प्रकार सांगितले आहेत. भुवयांचे ७, नाकाचे ६, गालांचे ६ आणि हनुवटीचे ७. पुढे १८६२ मध्ये ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी विजेचा सौम्य प्रवाह देऊन चेहऱ्याचा कोणता स्नायू काय करतो हे तपासले, त्याची छायाचित्रेही प्रसिद्ध केली. १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना चक्क क्रमांक दिले. गाल वर उचलले की ६ आणि ओठांचे कोपरे वर खेचले की १२. मनापासूनच्या हसण्यात हे दोन्ही क्रमांक एकत्र येतात.

याच विद्येची आजची शाखा म्हणजे चेहऱ्याच्या हालचाली टिपणारे सॉफ्टवेअर. नट बोलतो, हसतो, रडतो; कॅमेरा ते टिपतो आणि संगणकातले एखादे पात्र तसेच बोलू, हसू, रडू लागते. २००९ च्या ‘अवतार’ चित्रपटात नटांच्या डोक्यावरच्या टोपीला छोटे कॅमेरे लावून हे काम झाले. आपल्याकडे २०१४ मध्ये रजनीकांत यांचा ‘कोचडैयान’ या तंत्राने आला.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. मुलांच्या एका गोष्टीतल्या म्हाताऱ्यासाठी त्याला चेहरा आणि आवाज हवा होता. “मामू, तुम्ही मुशायऱ्यात वाचता तसं फक्त बोला, बाकी मी बघतो,” असे म्हणून त्याने मला खुर्चीत बसवले. त्या दिवशी नव्या प्रोजेक्टची मांडणी कशी करतात ते मी पाहिले. ते पाहताना माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याच्या मनात जे आले, ते आज आपल्याला सांगतो.

पहिले काम अगदी घरगुती, म्हणजे आवराआवरीचे. संगणकात नवा फोल्डर करायचा. त्यात नटाचे नाव, तारीख आणि कितवा टेक ते लिहायचे. चित्र वेगळे, आवाज वेगळा ठेवायचा. सेकंदाला किती फ्रेम टिपायच्या हे आधीच ठरवायचे आणि शेवटपर्यंत तेच पाळायचे. मोबाइलवर चित्रण केले तर हा वेग मध्येच कमी-जास्त होतो, मग ओठ पुढे आणि आवाज मागे अशी फजिती होते. उजेड समोरून आणि सारखा हवा. चष्मा काढायचा, कारण काचेवरच्या चमकेत बुबुळ हरवते. माझ्या दाढीने भाच्याला जरा घाम फोडला. दाढीत जबड्याची रेघ दिसत नाही आणि मिशीखाली वरचा ओठ लपतो. मग मिशी तेवढी कातरून घेतली.

यानंतर आली सगळ्यात महत्त्वाची पायरी. “मामू, आता काहीच करू नका. हसू नका, विचारसुद्धा करू नका.” म्हणजे निर्विकार चेहऱ्याची एक फ्रेम हवी होती. तिथून पुढची प्रत्येक हालचाल याच फ्रेमपासून मोजली जाते. हे त्या चेहऱ्याचे शून्य.

मी विचारले, “आणि या वेळी मी जरासा हसलो तर?”

तो म्हणाला, “मग मशीन त्या हसण्यालाच शून्य समजेल. तुम्ही नुसते शांत बसलात तरी पडद्यावरचा म्हातारा उदास दिसेल.”

श्रोतेहो, हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. पन्नाशी उलटल्यावर माझ्या ओठांचे कोपरे आपसूक खाली झुकले आहेत. ते दुःख नव्हे, वय आहे. यंत्राला माझे शून्य ठाऊक असेल तर ते फसत नाही. दुसऱ्या नटाचे शून्य माझ्यासाठी चालत नाही. नट बदलला की ही मांडणी पुन्हा करावी लागते.

मग चेहऱ्याची कवायत झाली. डोळे घट्ट मिटा, भुवया चढवा, तोंड ‘आ’ करा, गाल फुगवा, जबडा दोन्ही बाजूंना हलवा. यातल्या टोकाच्या फ्रेम निवडून भाच्याने पापण्या, बुबुळे, भुवया आणि ओठांच्या कडांवर ठिपके हाताने नीट बसवले. मधल्या फ्रेम त्यावरून यंत्र भरून काढते. जिथे चुकते तिथे पुन्हा हाताने दुरुस्ती. त्यानंतर त्या हालचाली पात्राच्या चेहऱ्याला जोडायच्या.

‘म’ नीट मिटला नाही तर सगळा खेळ फसतो, असे त्याने सांगितले. आपल्या वर्णमालेने हे केव्हाच ओळखले आहे. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ओठाला ओठ लागल्याशिवाय ते उमटत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र हे पाचही सारखेच दिसतात. आमच्या घरात मराठीबरोबर दखनीही बोलली जाते. उर्दूतला घशातून येणारा ‘क़’ आणि साधा ‘क’ यांतला फरक कॅमेऱ्याला दिसणार कसा? तिथे कानच हवा. म्हणून आवाज वेगळा आणि स्वच्छ ठेवायचा.

आणखी एक गोष्ट. या पद्धतीत डाव्या आणि उजव्या बाजूचे हसू वेगवेगळे मोजता येते. माझ्या अम्मीच्या चेहऱ्याची एक बाजू शेवटची काही वर्षे लकव्याने गेली होती. नवख्या माणसाला ती रागावलेली वाटे. आम्ही भावंडे तिच्या उजव्या डोळ्याकडे पाहत असू. तिचे सगळे हसू तिथे होते. आम्हाला तिचे शून्य माहीत होते.

आता काळजीचा मुद्दा. हीच विद्या वापरून कॅमेऱ्याने माणसाचे मन ओळखता येते, असा दावा आता केला जातो. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार खरे बोलतो का, वर्गात मुलाचे लक्ष आहे का, हे यंत्राने सांगावे म्हणे. पण त्या यंत्राने तुमची निर्विकार फ्रेम कधी घेतलेली असते? ते सरासरी माणसाच्या शून्यावर तुम्हाला मोजते. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन दाखवले की, केवळ चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. माणूस रागात असून कपाळाला आठी नसते, आणि आठी असते तेव्हा तो नुसता विचार करत असतो. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत असा वापर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंद केला आहे. यंत्राचे सोडा, गाडीच्या डब्यात नुसत्या दाढीवरून माझा स्वभाव ठरवणारी माणसे मीही पाहिली आहेत.

या क्षेत्रात येणाऱ्या तरुण मुलामुलींना म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, निर्विकार फ्रेम घेताना घाई करू नका. समोरच्याला पाणी द्या, दोन शब्द बोला, चेहरा सैल होऊ द्या. दुसरी, नव्या फोल्डरमध्ये चित्र आणि आवाजाच्या आधी एक कागद ठेवा. हा चेहरा कोणत्या कामासाठी घेतला, किती दिवस ठेवणार आणि विचारल्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरणार नाही, एवढे त्यावर लिहा आणि दोघांनी सही करा. माझ्या भाच्याने माझ्यासाठी असा कागद केला. मामा असूनही मी तो पूर्ण वाचला आणि मगच सही केली.