बोलायला सुरुवात कुणी करायची?



वेगळ्या रंगाचा, वेगळ्या चेहऱ्यामोहऱ्याचा माणूस आपल्या शहरात राहायला आला की आपल्या मनात काय येतं, हे आपण घरात बोलतो, जिन्यात बोलतो, त्याच्या पाठीमागे बोलतो. चारचौघांत मात्र बोलत नाही. 'कशाला उकरून काढायचं? बोललं की वाढतं,' असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. माझ्या घरातच अशी माणसं आहेत आणि त्यांचं म्हणणं मी अनेकदा ऐकून घेतलं आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायचं तर आधी आपल्याच मराठी माणसांची एक हकिकत सांगायला हवी.

कोकणातले बेने इस्राएल तुम्हाला ठाऊक असतील. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेले आपले पूर्वज इथे स्थिरावले, असं त्यांच्याकडे परंपरेने सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं पेणकर, राजपूरकर, नवगावकर. घरातली भाषा मराठी. नवस फेडायचा तो पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं मांडून, मलिदा करून. १९४८ मध्ये इस्राएल हा देश झाला तेव्हा भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढच्या काही दशकांत त्यातले बहुतेक तिकडे गेले. आपण आपल्या माणसांत चाललो आहोत, या समजुतीने गेले.

बेरशेबासारख्या वाळवंटी गावांत त्यांची सोय झाली. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. कामं हलकी मिळतात, घरं शेवटी मिळतात, आणि पावाच्या दुकानात ऐकावं लागतं की तुम्ही काळे, तुम्हाला काळाच पाव. दोन हजार वर्षं जो धर्म सांभाळला असं ते मानत होते, त्याच धर्माच्या देशात त्यांना रंगावरून ओळखलं जात होतं. १९५०चं दशक सुरू होताना त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ठिय्या दिला. मागणी एकच होती, आम्हाला भारतात परत पाठवा. त्यांना परत पाठवलं गेलं. आणि त्यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्राएललाच गेले. त्यांना देश सोडायचा नव्हता, अपमानातून सुटका हवी होती, असं मला वाटतं.

मग लग्नांचा प्रश्न आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्या धर्मगुरूंना सूचना दिल्या की बेने इस्राएल समाजातलं कुणी लग्नाची नोंद करायला आलं तर त्याच्या घराण्याची जितक्या मागच्या पिढीपर्यंत जाता येईल तितकी चौकशी करा. सूचना या समाजाचं नाव घेऊन होती. विचार करा, पेणच्या किंवा रोह्याच्या कुठल्या दप्तरात खापरपणजीच्या लग्नाचा कागद मिळणार? एखादी तरुण मुलगी साखरपुडा करून नोंदणीला जाते आणि तिला सांगितलं जातं की तू खरी यहुदी आहेस हे आधी सिद्ध कर.

'बोललं की वाढतं' हा सल्ला त्यांनाही कुणी ना कुणी दिला असणारच. त्यांनी तो मानला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. जे आजवर नोंदणी कचेरीच्या बंद दाराआड चाललं होतं ते वर्तमानपत्रांत आलं. ऑगस्टमध्ये संसदेचं खास सत्र भरलं. बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत आणि इतरांइतकेच त्यांचे हक्क आहेत, असं पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं आणि संसदेने त्याला पाठिंबा दिला. धर्मपीठाला सूचनेतून समाजाचं नाव काढावं लागलं. बोलल्याने वाढलं नाही. बोलल्यावर मिटायला लागलं.

या हकिकतीत एक खटकणारी गोष्टही आहे आणि ती लपवून मी पुढे जाणार नाही. याच समाजात कोकणात असताना गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती काळी, असं मानून त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. आणि मुंबईत बगदादहून आलेले यहुदी या सगळ्यांनाच कमी लेखत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सामाईक दफनभूमीत मधे भिंत घालून मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. ज्याला उतरंडीत खाली ढकललं जातं तो आपल्याखाली आणखी एकाला शोधतो. म्हणून 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच बोलून भागत नाही. आपल्या हातून कुणावर होतो आहे, हेही त्याच बैठकीत बोलावं लागतं.

आता आपल्याकडे या. मुंबईत मांसाहारी म्हणून मराठी कुटुंबाला घर नाकारलं की आपण त्यावर जाहीरपणे बोलतो, आणि बोलायलाच हवं. 'घाटी' ही शिवी ज्याने ऐकली आहे तो ती आयुष्यभर विसरत नाही. मग मणिपूरची, नागालँडची, अरुणाचलची मुलं, सुदानची, टांझानियाची, काँगोची मुलं आपल्या शहरांत शिकायला येतात, तेव्हा त्यांच्याबाबत आपला आवाज कुठे जातो?

पुण्यात खोली शोधणाऱ्या मणिपूरच्या एका विद्यार्थिनीबरोबर मी एका सोसायटीत गेले होते. एजंटाने फोनवर सगळं ठरवलं होतं. भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद. मालकीणबाईंनी दार उघडलं, मुलीकडे पाहिलं, आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि एजंटाला आतल्या खोलीत बोलावलं. तो बाहेर आला तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, त्यांच्या नात्यातलं कुणीतरी राहायला येणार आहे, आत्ताच कळलं." मुलीला मराठी समजत होतं. जिना उतरताना ती म्हणाली, "मॅम, पुढच्या ठिकाणी आधी माझा फोटो पाठवू या. रिक्षाचे पैसे तरी वाचतील." आवाजात राग नव्हता. मला तिच्या त्या सरावाचं फार वाईट वाटलं.

त्या घरात कुणी वाकडा शब्द बोललं नाही. म्हणूनच त्यावर बोट ठेवता येत नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं चालतं. पण हे सगळं नेहमी इतकं सभ्य राहत नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आसाममधल्या कोक्राझारच्या हिंसाचारानंतर मोबाइलवर हल्ल्यांच्या अफवा फिरल्या आणि बंगळुरू, पुणे, हैदराबाद, चेन्नई इथून ईशान्येची हजारो माणसं गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेली. एकगठ्ठा एसएमएसवर सरकारला बंधन घालावं लागलं. शेजाऱ्यांशी कधी मोकळं बोलणंच झालं नसेल तर अशा वेळी विश्वास ठेवायचा कुणावर? २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत लाजपत नगरच्या बाजारात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टवाळी झाली. त्याने ती सहन केली नाही. मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्राने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमं घाला, ईशान्येचा इतिहास देशभरच्या अभ्यासक्रमात आणा, अशा शिफारशी तिने त्याच वर्षी केल्या. नव्या भारतीय न्याय संहितेत वंश, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून टोळक्याने केलेल्या खुनासाठी तरतूद आहे. रोजच्या अपमानासाठी सुचवलेली ती वेगळी कलमं मात्र आलेली नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये ईशान्येच्या मुलांना रस्त्यात 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या आणि गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावं लागलं.

आफ्रिकी विद्यार्थ्यांचं सांगायचं तर २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला. ही माणसं नरभक्षक आहेत, अशी अफवा त्यामागे होती. दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी या हल्ल्यांना उघडपणे वंशद्वेषी म्हटलं. चौकशी पुरी होण्याआधी असं म्हणू नये, ही सरकारची भूमिका होती. एका खटल्यापुरता तो मुद्दा मी समजू शकते. पण नरभक्षक ही अफवा कुठल्या रंगाच्या माणसाबद्दल पसरू शकते आणि कुठल्या रंगाच्या माणसाबद्दल नाही, हे समजायला चौकशी लागत नाही.

आणि हे आपल्या महाराष्ट्रात घडतं तेव्हा मला जास्त लागतं. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा इथे येऊन मलिक अंबर झाला. निजामशाहीचा कारभार त्याने चालवला, जमीनधाऱ्याची व्यवस्था लावली, खडकी शहर वसवलं, तिथे नहरींनी पाणी आणलं. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. अटलांटिकपलीकडच्या माणसांचं दुःख त्यांना आपलं वाटलं. आपल्याला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं वाटत नसेल तर आपण फुल्यांचं नाव कशासाठी घेतो?

खुली चर्चा म्हणजे काय नव्हे, तेही सांगते. वर्गात ईशान्येच्या मुलीला उभं करून 'तुझे अनुभव सांग' म्हणणं ही खुली चर्चा नव्हे. तिला आधीच रोज उत्तरं द्यावी लागतात. तू कुठली, चीनची का, कुत्रा खातेस का. त्यात आणखी एक उलटतपासणी कशाला? बेने इस्राएलांना स्वतःच रस्त्यावर बसावं लागलं, कारण दुसरं कुणी आधी बोललं नाही. मला वाटतं, सुरुवात करण्याचं काम इथे मुरलेल्यांचं आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'बाहेरच्यांना जागा देऊ नये' असा ठराव आला तर तिथेच हात वर करून विचारा, बाहेरचे म्हणजे कोण? मुलींनो, तुमच्या ऑफिसात आडनावाऐवजी एखादीला 'चिंकी' म्हणून हाक मारली तर ती हाक मारणाऱ्याला त्याच क्षणी अडवा, नंतर कोपऱ्यात तिची समजूत काढत बसू नका.

आणि त्या मालकीणबाईंशीही बोलायला हवं. त्यांना दुष्ट ठरवून आपण घरी आलो तर त्या आणखी चार जणींना तेच सांगतील. त्यांना कशाची भीती वाटते? ङारीच्या, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या वासाची? मग वासाबद्दल बोला. आपल्याकडे सुके बोंबील भाजले की जिनाभर कळतं, तरी कोकणातल्या माणसाला कुणी देशाबाहेरचा म्हणत नाही. रात्री उशिरा येण्याजाण्याची? मग वेळेबद्दल बोला, करारात लिहा. ज्या भीतीला उत्तर आहे तिला उत्तर मिळेल. जिला उत्तर नाही ती निव्वळ चेहऱ्याची भीती आहे, हे त्या बाईंना स्वतःच्या तोंडून ऐकू येईल. सगळ्या बदलणार नाहीत. काही बदलतील, मी बदललेल्या पाहिल्या आहेत.

आज या सभागृहात दूरच्या राज्यांतून आणि दूरच्या देशांतून आलेले पदवीधरही बसले आहेत. तुम्हाला माझं सांगणं थोडं आहे. तुम्ही बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवा, त्याची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही. पण तक्रार करायचं ठरवलंत तर तारीख, वेळ, ठिकाण आणि वापरलेले शब्द जसेच्या तसे त्याच रात्री लिहून ठेवा, आणि पोलीस ठाण्यात एकटे जाऊ नका. आणि इथल्या मुलामुलींनो, त्यांनी फोन केला तर अर्ज मराठीत तुम्ही लिहून द्या, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर त्यांच्या शेजारी बसा, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय उठू नका.