वणवा विझतो, वाट उरते



अरण्यास वणवा लागला म्हणजे तेथें पोहोंचण्यास रस्ता हवा, हें कोणासही पटेल. परंतु हा रस्ताच पुढें अरण्याचा घात करतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

आस्ट्रेलियांत सिडनी शहराच्या वायव्येस वोलेमी हें सुमारें पांच लाख हेक्टरांचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील वालुकाश्माच्या कड्यांवर मातीचा थर पातळ असतो. बुलडोझरनें तो खरवडला कीं पहिल्याच मोठ्या पावसांत माती ओढ्यांत उतरते. पाणथळ जागेंतून वाट गेली तर सांचलेलें पाणी वाहून जाऊन ती सुकते. चाकांच्या चिखलाबरोबर परक्या तणांचें बीं आणि मुळें कुजविणारा फायटॉप्थोरा नांवाचा रोग आंत शिरतो. कोल्हे व मोकाट मांजरें यांना तर शिकारीसाठीं राजमार्गच मिळतो.

कोणी विचारील, घरें जळत असतां झाडांची चिंता कसली? प्रश्न रास्त आहे. वस्तीच्या कडेला चांगले रस्ते हवेतच. पण सोसाट्याच्या वाऱ्यांत ठिणग्या कोसच्या कोस उडतात. दूरच्या दरींतील चार-पांच वार रुंदीची वाट त्यांना काय अडविणार? तेथें वीज पडून लागलेली आग लहान असतांनाच हेलिकॉप्टरनें माणसें उतरविणें अधिक गुणकारी.

१९९४ सालीं याच अरण्यांत वोलेमी पाइन या अतिप्राचीन कुळांतील वृक्षांचा शोध लागला. निसर्गतः वाढलेले असे प्रौढ वृक्ष शंभराहूनही कमी आहेत. रोगाच्या भीतीनें त्यांची जागा गुप्त ठेवलेली आहे. तरीही २००५ सालीं फायटॉप्थोरा तेथें आढळलाच. २०१९ च्या आक्टोबरांत विजेनें पेटलेला गॉस्पर्स माउंटनचा वणवा पांच लाखांहून अधिक हेक्टर जाळीत तेथवर आला. तेव्हां जवान हेलिकॉप्टरमधून दोरानें दरींत उतरले, त्यांनीं पाण्याच्या नळ्या मांडल्या आणि विमानांनीं भोंवतीं अग्निरोधक द्रव्य टाकलें. कांहीं वृक्ष होरपळले, बहुतेक वांचले.

म्हणून दुर्गम अरण्यांत प्रथम माणसें पाठवावींत, यंत्र अगदीं निरुपाय झाल्यावरच न्यावें. नेलेंच तर चाकें धुवून न्यावें, आणि आग विझतांच ती वाट मोडून टाकावी: माती पूर्ववत् पसरावी, पाण्यास वळण द्यावें, तोंडाशीं ओंडके टाकून वाहनें बंद करावींत. हा खर्च आग विझविण्याच्या खर्चांतच धरला पाहिजे. संकटाच्या घाईंत काढलेली वाट संकट सरल्यावरही तशीच ठेवली, तर वणव्यांतून वांचलेलें अरण्य आपण आपल्याच हातांनीं गमावूं.