मोडीतले मोल

(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्योजक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कारखानदार उभा राहतो. परंतु इतरांनी टाकून दिलेल्या वस्तूचे मोल ओळखणे हीसुद्धा उद्यमशीलताच होय.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद जडला. त्यांनी हिरेमाणके गोळा केली नाहीत. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तूंसाठी ते गावोगाव हिंडले. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचीही या कामी मोठी साथ होती. बालवयातच निवर्तलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या त्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पुढे हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हे सारे एका चष्मेविक्रेत्याच्या घरातून सुरू झाले!

संग्रह झाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. तो लोकांपर्यंत पोहोचला पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एक बसच फिरते संग्रहालय म्हणून सज्ज केली. ती शाळांच्या आणि खेड्यांच्या दारी जाऊ लागली. सहलीची वर्गणी ज्याला परवडत नाही, त्या मुलाच्या दारी इतिहास स्वतः चालत आला. नावीन्य म्हणतात ते हेच.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या घरांतील तांब्याचे आफताबे, पानदाने, नक्षीचे हंडे आज वजनावर मोडीत जात आहेत. तांब्याचे पैसे मिळतात. पण ज्या कारागिराने ती नक्षी ठोकली, त्याच्या हुन्नराचा मागमूसही उरत नाही. ती कोणी वापरली, कशासाठी वापरली, हे सांगणारी आजीही उद्या नसेल.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेत एक काचेचे कपाट असावे आणि सोबत एक नोंदवही. विद्यार्थ्यांनी घरून एकेक वस्तू आणावी; तिचे नाव, उपयोग, कारागीर आणि देणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. याला मोठा निधी लागत नाही, लागते ती चिकाटी.

पालकांनो, पुढची मोड विकण्यापूर्वी एकदा आपल्या मुलाला ती दाखवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!