डोळा लहान झाला म्हणजे वादळ विरलं का?

आज चक्रीवादळाच्या डोळ्याबद्दल बोलूया. आणि सुरुवातीलाच सांगतो, या विषयात मी एकदा मोठी माती खाल्लेली आहे.

3 जून 2020. लॉकडाऊन चालू, त्यात निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघालेलं. मी बोरिवलीला घरात, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून बसलेलो. सकाळी मोबाईलवर बातमी आली: वादळाच्या डोळ्याचा व्यास साधारण 65 किलोमीटर आहे आणि गेल्या तासाभरात तो कमी झालाय. कमी झालाय! मी लगेच मुरूडला मामाला फोन लावला. मुरूड म्हणजे जंजिऱ्याचं मुरूड, तिथे त्याची सुपारीची वाडी आहे. म्हटलं, "मामा, डोळा लहान होतोय, विरतंय बहुतेक." तो म्हणाला, "बरं झालं बाबा." त्यानंतर फोन लागेना.

हवामान खात्याच्या त्याच निवेदनात पुढचं वाक्य होतं, जे मी वाचलंच नाही. डोळा आकसतोय म्हणजे वादळ तीव्र होतंय, आणि वाऱ्याचा वेग ताशी 85-95 वरून 90-100 किलोमीटरवर गेलाय.

हे असं उलटं का? घरी फिरणारी खुर्ची असेल तर करून बघा. हातपाय पसरून गोल फिरा आणि मग एकदम पोटाशी आवळून घ्या. गरगरायला होतं ना? वादळात हवेचं तेच होतं. लांबून येणारी हवा फिरत फिरत मध्याकडे ओढली जाते आणि जितकी जवळ येते तितकी जोरात फिरते. शेवटी वेग इतका वाढतो की तिला आणखी आत शिरता येत नाही, मग ती तिथूनच वर चढते. तिथे उंच ढगांचं कडं तयार होतं. त्याला डोळ्याची भिंत म्हणतात, आणि सगळ्यात भयानक वारा तिथेच असतो. आतल्या पोकळीत मात्र हवा वरून खाली येते, तापते, ढग विरतात. तो डोळा. भिंत आत सरकली, डोळा आकसला, की समजायचं खुर्चीतल्या माणसाने पाय जवळ घेतले.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 2005 चं अटलांटिकमधलं विल्मा. डोळा जेमतेम 4 किलोमीटरचा, म्हणजे अंधेरी ते गोरेगावसुद्धा नाही. वारा ताशी 295 किलोमीटर!

पण थांबा, "लहान डोळा म्हणजे मोठं वादळ" असा नियम पाठ करू नका. खूप जोरदार वादळात कधीकधी बाहेरून दुसरं कडं तयार होतं आणि आतल्या भिंतीची रसद तोडतं. आतली भिंत ढासळते, डोळा एकदम मोठा होतो, वारा उतरतो. विल्माचं तेच झालं. वेग कमी झाला, पण मोठा डोळा घेऊन ते मेक्सिकोच्या युकातानवर दिवसभराहून जास्त वेळ ठाण मांडून बसलं. शिवाय हे बाहेरचं कडं पुन्हा आकसू शकतं, आणि मग वारा परत चढतो. म्हणून एका आकड्यावरून काही कळत नाही. तासातासाला डोळा कुठल्या दिशेने बदलतोय, ते बघायचं.

आता मामाकडे येऊ. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुरूड डोळ्याच्या वाटेतच. आधी डोंगराकडून झोडपणारा वारा अचानक पडला. मामाला वाटलं, भाचा म्हणाला तसं विरलं. तो वाडीत किती झाडं पडली ते बघायला बाहेर पडला. आणि भिंतीची दुसरी बाजू आली, या वेळी वारा समुद्राकडून. सुपारीची झाडं त्याच्या डोळ्यांसमोर कडाकड मोडली. तो गोठ्याच्या जोत्याला चिकटून बसला, म्हणून वाचला. पाचव्या दिवशी फोन लागला तेव्हा हे कळलं. मला काही बोलला नाही तो. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

बोरिवलीत त्या दिवशी फारसं काही झालंच नाही. पुढच्या मे महिन्यात मात्र तौक्ते आलं. ते मुंबईला न धडकता समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत, सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस. समुद्रात पी-305 बार्ज आणि वरप्रदा टग बुडून 80 हून अधिक माणसं गेली. डोळा लांब होता, पण वादळाचा पसारा आपल्यापर्यंत पोचला होता. डोळ्याच्या मापावरून वाऱ्याच्या जोराचा थोडा अंदाज येतो, या पसाऱ्याचा नाही.

तौक्तेच्या आदल्या रात्री मामाचाच फोन आला. "काय रे, तुझा डोळा काय म्हणतोय?" मी हवामान खात्याचं अख्खं निवेदन उघडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा म्हणाला, "हळू वाच, लिहून घेतोय."